बेसमधून मावशी

चष्मेवाल्याने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, उजव्या पायातला बूट काढला, मोजा काढला आणि जमिनीवरच्या एका पिवळ्या डबीचं बटण पायाच्या अंगठ्याने फिरवायला घेतलं. गळ्यात बेस गिटार, दोन्ही हात तिच्यात गुंतलेले. बटण जेमतेम अर्धं फिरलं आणि पोटरीत असा गोळा आला की तो एका पायावर नाचत फ्रेम्सच्या कपाटावर जाऊन आदळला.

"छान," दातांचा डॉक्टर म्हणाला. तो गिऱ्हाइकांच्या खुर्चीत आरामात बसला होता. "लोक नाचायला येतातच. या वेळी तूच नाचून दाखव, त्यांना बसू दे."

बँड तिघांचा. दातांचा डॉक्टर ड्रम वाजवायचा. दिवसभर लोकांना ओरडायला लावतो आणि संध्याकाळी स्वतः गोंगाट करतो, असं चष्मेवाल्याची मावशी म्हणायची. चष्मेवाला बेस वाजवायचा. आणि मावशी सिंथ, हवा तसा आवाज घडवता येणारा विजेवरचा कीबोर्ड, वाजवायची; म्हणजे खरं सांगायचं तर बँड तीच होती, हे दोघे तिच्या सोबतीला. दर शनिवारी संध्याकाळी वाचनालयामागच्या हॉलमध्ये ते वाजवायचे आणि जोडपी नाचायची. त्यातली बरीचशी इतकी जुनी झालेली की नाचताना एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करायची.

शेवटी मावशीची स्वतःची चाल असायची. तिला नाव नव्हतं. सुरुवातीला आवाज असा दबका, जणू कुणी तोंडावर पांघरूण घेऊन बोलतंय. मग तो हळूहळू उघडत जायचा, उघडत जायचा, आणि पूर्ण उघडला की कडेला बसलेली, दमलेली, रुसलेली सगळी माणसं खुर्च्या सोडून उठायची.

माय मरो पण मावशी उरो, असं लोक सहज बोलून जातात. चष्मेवाल्याच्या घरात ते तसंच घडलं होतं. आई गेली तेव्हा तो शाळेत होता, आणि मावशीने त्याला आपल्या घरी आणलं. हा मुलगा बोलत नाही, खात नाही, नुसता कोपऱ्यात बसतो, हे बघून तिने कुठूनतरी एक जुनी बेस गिटार आणली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. "एवढे लांब हात दिलेत देवाने, लाव कामाला," एवढंच म्हणाली. त्यानंतर वर्षानुवर्षं तिच्या उजव्या हाताने जे वाजवलं त्याच्या खाली याची बेस चालत आली.

गेल्या वर्षी अर्धांगवायूने तो उजवा हात नेला. बोलणं वाचलं, चालणं काठीने का होईना परत आलं, पण हात मांडीवर पडून राहिला. हॉस्पिटलमधून घरी येताच तिने सिंथ एका संगीतशाळेला देऊन टाकला. कुणाला विचारलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशातली गत. "नुसती ऐकायला ये," असं चष्मेवाल्याने बरेच शनिवार फोनवर म्हणून बघितलं. "नाही," एवढंच उत्तर. मग त्याने तिला त्रास द्यायचं सोडलं.

पण ती चाल त्याच्या डोक्यातून जाईना. हॉलमध्ये आता शेवट कसातरीच व्हायचा. लोक टाळ्या वाजवायचे आणि कोट शोधायला लागायचे. एकदा त्याच्या मनात आलं, बेसमधूनच तो आवाज काढला तर? मावशीला ऐकवावा. तिची चाल तिच्यासोबत संपली नाही हे तिला कळावं, तिचा चेहरा एकदा खुलावा. त्याला दुसरं काही नको होतं.

बेसमधून सिंथ काढायचा तर पेडल लागतात. पेडल म्हणजे पायाने दाबायची लोखंडी डबी. गिटारची वायर एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर, आणि मधे आवाजाचं जे काय व्हायचं ते होतं. चांगल्या डब्यांचे भाव ऐकून चष्मेवाल्याने आपल्याच दुकानातला चष्मा काढून पुसला होता. तेव्हा त्याने स्वस्तातल्या जमवल्या. पहिली डबी जुन्या बाजारातली, रंग उडालेली. ती वाजवलेल्या सुराखाली आणखी एक खालचा सूर जोडायची. दुसरी आवाज फाडून खरखरीत करायची. तिचे सुटे भाग पाकिटात आले होते, ते दातांच्या डॉक्टरने दवाखान्यात बसून जोडले, सोल्डर केले, आणि बाहेर थांबलेल्या पेशंटांना आतून येणारा धूर बघून दातदुखी विसरायला झालं. तिसरी ती पिवळी. तिचं नाव फिल्टर. आवाज दाबायचा आणि उघडायचा, हे तिचं काम.

पहिल्या दिवशी तिन्ही डब्या एकाच अडॅप्टरवर लावल्या तर अशी घूंघूं सुरू झाली की शेजारच्या शिंप्याने मधमाश्या शिरल्या का म्हणून विचारलं. खरखरवाली डबी बॅटरीवर टाकली, तेव्हा मधमाश्या गेल्या. मग कळलं की खालचा सूर जोडणाऱ्या डबीला एका वेळी एकच सूर समजतो. चुकून दोन तारा सोबत वाजल्या की ती गोंधळून बरळायला लागायची. फार खालचा सूर दिला तरी अडखळायची. म्हणून चष्मेवाला जरा वरच्या सुरात वाजवायला शिकला, आणि एक सूर पुरता थांबवल्याशिवाय दुसरा सुरू करायचा नाही हेही शिकला. बोटं सुजली. पण एका संध्याकाळी त्या तीन डब्यांतून जाड, गोल, गुरगुरता असा आवाज निघाला की डॉक्टर खुर्चीतून उठला.

"हे बेस नाही रे!"

"नाहीच."

"मावशीच आहे की!"

जवळजवळ. कारण गाडी फिल्टरपाशी अडली. ती डबी आपोआप चालवली तर प्रत्येक सुराला उघडायची आणि मिटायची. वाक्, वाक्, वाक्. "बदक," डॉक्टर म्हणाला, आणि खोटं नव्हतं. मावशीचा आवाज सुरासुराला उघडत नसे, सबंध ओळभर सावकाश उघडे. त्यासाठी वाजवता वाजवता बटण फिरवायला हवं, आणि हात तर दोनच. म्हणून बूट काढला, मोजा काढला. शेवटी बटणावर मुरंब्याच्या बरणीचं झाकण चिकटवलं तेव्हा अंगठ्याला जरा पकड मिळाली, आणि दोन आठवड्यांच्या सरावाने पाय कसाबसा वठणीवर आला.

रविवारी दुपारी तो गिटार, छोटा अँप्लिफायर आणि डब्यांची पिशवी घेऊन मावशीकडे गेला. ती खिडकीजवळच्या खुर्चीत होती.

"हे काय बिऱ्हाड आणलंस?"

"तू नुसती ऐक."

त्याने जमिनीवर डब्या मांडल्या, वायरी जोडल्या, एक पाय अनवाणी केला. मावशीने त्या पायाकडे बघून भुवई उंचावली, पण बोलली नाही. त्याने तिची चाल वाजवली. आवाज दबका सुरू झाला, हळूहळू उघडला. बोट घसरलं नाही, डबी बरळली नाही, अंगठ्यानेही लाज राखली. शेवटचा सूर थांबवून त्याने वर बघितलं.

मावशीचा चेहरा खुललेला नव्हता.

"चांगलं झालं," ती म्हणाली. "मोठं काम केलंस. आता माझ्यावाचून अडायला नको तुमचं."

"अगं, तसं नाही..."

"तसंच आहे. वाईट कशाला वाटून घ्यायचं? मी गेल्यावर तेराव्याला..." ती खिडकीकडे वळली. "विचारायचं बंद केलंस तेव्हाच समजायला हवं होतं मला."

"तूच नाही म्हणायचीस."

"मी नाही म्हणायची. तू विचारायचास. मग शनिवारी चार वाजले की मी जरा बरी साडी नेसून बसायची, नाही म्हणायला." तिने डाव्या हाताने मांडीवरचा उजवा हात उगाच सरळ केला. "नंतर तू फोनच करेनास. म्हटलं, झालं. संपलं."

आपण तिचं दुःख जपतोय असं चष्मेवाल्याला वाटत होतं. खरं म्हणजे तिचं 'नाही' ऐकणं त्याच्या जिवावर यायचं, म्हणून त्याने स्वतःलाच जपलं होतं. आणि वर हे बिऱ्हाड घेऊन तिला दाखवायला आला, की बघ, तुझी जागा भरली. वाहवा रे भाचा! त्याला वाटलं, सगळ्या डब्या खिडकीतून खाली फेकाव्यात. पण लहानपणापासून बोलणं सुचलं नाही की त्याचे हात तारांवर जायचे. त्याने ती चाल पुन्हा वाजवायला घेतली. या वेळी सगळंच चुकत होतं. डबी बरळली, अंगठा झाकणावरून घसरला.

दुसऱ्या ओळीला मावशी खेकसली, "अरे, केवढ्या घाईने उघडतोयस!"

"पाय आहे मावशी, जमत नाही."

"मग पायाने करायला सांगितलं कुणी?"

"हात कुठून आणू? दोन्ही इथे गुंतलेत!"

"परत वाजव. आता थांब... थांब... अरे नको उघडूस अजून! लोकांना थोडं ताटकळू दे!"

त्याने पाय काढून घेतला. मुद्दाम नव्हे, पुन्हा गोळा आला म्हणून. हातातला सूर मात्र सोडला नाही. आवाज तसाच दबका, अडकलेला, गुरगुरत राहिला. ते मावशीच्याने ऐकवेना. काठी बाजूला ठेवून ती खुर्चीतून पुढे सरली, वाकली, आणि तिच्या डाव्या हाताची बोटं बरणीच्या झाकणावर आली.

चष्मेवाला बघतच राहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! इतकी वर्षं तिच्या शेजारी उभं राहून त्याने तिचा उजवा हात बघितला होता. पट्ट्यांवर धावायचा तो हात सगळ्यांनाच दिसायचा. डावा हात सिंथवरच्या एका बटणावर असायचा आणि त्याच्याकडे कुणी बघत नसे. तो हात आज त्याच्यासमोर होता, जसाच्या तसा.

"थांबलास का? वाजव."

तो वाजवू लागला. ती बटण फिरवेना. पहिली ओळ तिने दाबूनच ठेवली, दुसरीही. तिसऱ्या ओळीला जराशी फट दिली आणि पुन्हा मिटली, आणि त्याच्याच अंगावर काटा आला. वाजवत तो होता, पण कुठे जायचं ते ती ठरवत होती. मग शेवटी तिने मनगट वळवलं, सावकाश, आणि आवाज असा मोकळा झाला की खालच्या मजल्यावरून कुणीतरी खिडकी उघडली. मावशीचे डोळे मिटलेले होते. ती हसत नव्हती. काम करताना ती कधीच हसायची नाही.

सूर विरला तेव्हा तिला वाकलेलं सरळ होता येईना. त्याने गिटार बाजूला ठेवून तिला धरून मागे टेकवलं. तिचा श्वास लागला होता, गाल लाल झाले होते.

"मावशी, शनिवारी येशील?"

"नाही," ती म्हणाली.

या वेळी चष्मेवाल्याने मान डोलावली नाही. तो तिच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसला, एक पाय अनवाणी, आणि पुन्हा म्हणाला, "मावशी, शनिवारी येशील का?"

तिने काठीच्या टोकाने पिवळी डबी आपल्याकडे ओढली.

"टेबल लागेल," ती म्हणाली. "या खुर्चीच्या उंचीचं, न डुगडुगणारं. वाकून वाकून मी वाजवणार नाही."