मुक्काम जंगलीघाट

"बाबा, ते लॉज नको. तिथं डास फार आहेत."

"अगं, डासांचं काय सांगतेस! फरीदाबादच्या डासांनी आमचं इतकं रक्त प्यायलंय, की आता ते आम्हाला नातेवाईक समजतात." गुणवंत एवढ्या मोठ्यानं बोलले, की एसटीडी बूथचा मालक काचेवर टकटक करून म्हणाला, "अंकलजी, आराम से! इतने में तो बगैर फोन के अंदमान पहुँच जाएगी आवाज़."

बूथ एका माणसापुरता. त्यात गुणवंत आणि चंद्रप्रभाबाई दोघंही अंग चोरून उभे, रिसीव्हर एक आणि त्याला दोन कान लागलेले. समोर मीटरचे लाल आकडे पळत होते. पलीकडे त्यांची एकुलती एक लेक उत्तरा. तिचा नवरा राजवर्धन बंदराच्या कामावर इंजिनिअर, म्हणून ती नवरा आणि सासूबरोबर पोर्ट ब्लेअरच्या जंगलीघाट वस्तीत राहत होती.

"पण तुझ्या घराला अगदी लागून आहे म्हणे ते लॉज?"

"हो, पण नकोच बाबा. दुसरं बघू. आई कशी आहे?"

"आई इथंच आहे. तुझा श्वाससुद्धा ऐकतेय."

गुणवंत दिल्लीत एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते आणि आता निवृत्तीला टेकले होते. सरकारी क्वार्टर सोडून त्यांनी फरीदाबादच्या नव्या सेक्टरात फ्लॅट घेतला होता. तिथं रस्त्यांना अजून नावं नव्हती, नळाला पाणी लहर लागेल तेव्हा यायचं, पण बाल्कनी दोन होत्या. नोकरी संपण्याआधी एलटीसीचा शेवटचा प्रवास घ्यायचा बाकी होता. ऑफिसातली माणसं कन्याकुमारीला जात, काश्मीरची आठवण काढून उसासे टाकत. गुणवंतांना मात्र जिथं लेक होती तिथंच जायचं होतं. कलकत्त्यापर्यंत रेल्वे, पुढं जहाज. भाडं सरकार देतं, मुक्कामाचं मात्र ज्याचं त्यानं बघायचं.

आता कुणी विचारेल, लेकीचं घर असताना मुक्कामाची चिंता कशाला? तर तिथंच सगळी मेख होती. लग्नात पाठवणीच्या वेळी गुणवंत भरल्या मांडवात हात जोडून व्याह्यांना म्हणाले होते, "नातवंड मांडीवर येईपर्यंत तुमच्या घरचं पाणीसुद्धा आम्हाला वर्ज्य. आमच्या घराण्याची रीत आहे." त्यांच्या वडिलांनी हेच केलं होतं, आजोबांनीही. लेकीच्या संसारातलं काही घेऊ नये, तिच्यावर भार होऊ नये, एवढाच त्यातला भाव. बोलतानाही ते फार मायेनं बोलले होते. म्हाताऱ्या माणसांनी माना डोलावल्या होत्या.

त्याला आता पाच वर्षं होत आली. उत्तराच्या घरात पाळणा हलला नव्हता.

खालच्या मजल्यावरचे विनयराव एकदा अंदमानला जाऊन आले होते. तेव्हापासून ते त्या बेटांबद्दल घरची जमीन असल्यासारखे बोलत. त्यांनी नकाशा आणून जेवणाच्या टेबलावर पसरला आणि पेन्सिल कानावर खोवली.

"लिसन, गुणवंतराव. जागा निवडताना दोनच गोष्टी बघायच्या. खिसा आणि लोकेशन. अबर्डीन बाजारात उतरा. स्वस्त, आणि दार उघडलं की सगळं समोर."

पुढच्या रविवारी गुणवंतांनी अबर्डीन बाजार सुचवला. उत्तरा म्हणाली, "बाबा, गोंगाट फार. तुमची पूजा नीट नाही व्हायची." त्याच्या पुढच्या रविवारी टेकडीवरचं गेस्ट हाऊस. "चढ आहे. आईचे गुडघे?" मग शहराबाहेर समुद्राकाठची एक जागा निघाली. तिच्यावर उत्तरा जरा थांबली आणि म्हणाली, "बरी आहे. पण तिच्याही पुढं काही मिळतंय का, बघा ना."

"किती बारीक विचार करते पोरगी!" गुणवंत येता-जाता सांगत. "पूजा, गुडघे, डास, काही म्हणून सुटत नाही तिच्या नजरेतून."

विनयराव प्रत्येक जागेवर ठिपका देत होते. त्या संध्याकाळी चौथा ठिपका देऊन ते हसत सुटले. "अहो, बघा तरी! पोरीनं तुम्हाला बाजारातून टेकडीवर नेलं, टेकडीवरून किनाऱ्यावर. अजून एक रविवार, की थेट ब्रह्मदेश!"

गुणवंतही खदखदून हसले. चहाचा ट्रे घेऊन आलेल्या चंद्रप्रभाबाई मात्र नकाशाकडे बघत तशाच उभ्या राहिल्या.

विनयराव गेल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, तिला डासांचं काही नाही. ती आपल्याला घरापासून लांब नेतेय."

"काहीतरीच तुझं."

"मी आई आहे. मला 'बरी आहे' आणि 'बरं झालं' यांतला फरक कळतो."

जेवताना गुणवंतांनी भाजीत मीठ कमी असल्याचंही सांगितलं नाही.

शनिवारी पहाडगंजात मुरलीधरबुवांचं कीर्तन होतं. गुणवंत एरवी पुढच्या रांगेत झांजा घेऊन बसायचे. बुवांनी नामाचा गजर धरला की त्यांना ऑफिस, फाइल, फरीदाबाद, कशाचंही भान उरत नसे. बुवांनी विदुराचं आख्यान लावलं होतं.

"आता हस्तिनापूर म्हणजे काही लांब नाही, मंडळी. इथून मेरठची बस धरा!" बुवा म्हणाले आणि सगळे हसले. "भगवंत शिष्टाईला आले. मुक्काम कुठं करणार? दुर्योधनानं महाल सजवला. तुमच्या भाषेत सांगायचं तर फाइव्ह स्टार, व्हीआयपी एरिया, आणि बिल्कुल फ्री! देव म्हणाले, नको. देव निघाले विदुराच्या झोपडीकडं. तिथं काय होतं? कण्या होत्या. त्याही चुलीवर लागलेल्या. मग देव तिथं का गेले हो?" बुवांनी आवाज खाली आणला. "तिथं वाट बघणारं माणूस होतं."

टाळकऱ्यांनी ठेका उचलला. गुणवंतांच्या झांजा मांडीवरच राहिल्या. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि त्या पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

परतीच्या बसमध्ये ते चंद्रप्रभाबाईंच्या कानाशी म्हणाले, "ठरलं. लेकीकडं उतरायचं. तिच्या हातचं पाणी प्यायचं, जेवायचं, वाढलंन तर दोनदा जेवायचं. देवानं कण्या खाल्ल्या, तिथं मी कोण टिकोजीराव?"

"आणि रीत?"

"मी बोललो, मीच सोडतो. पूर्वजांची समजूत मी वर गेल्यावर काढीन."

चंद्रप्रभाबाई हसल्या, कितीतरी दिवसांनी. आश्रम चौकात बस अडकून पडली, तरी दोघांच्या ते ध्यानात आलं नाही.

रविवारी बूथ उघडायच्या आधीच दोघं दारात हजर. फोन लागला तसा गुणवंतांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. कीर्तन, विदुर, कण्या, पाणी. "आता लॉजबिज काही नाही. मुक्काम जंगलीघाट!"

मीटर पळत राहिलं.

"उत्तरा? अगं, ऐकतेस ना?"

"बाबा, नको."

"अगं, पण मी स्वतःच—"

"बाबा, ऐका." तिचा आवाज एकदम खाली गेला. "घरी कुणीही आलं, की सासूबाई आधी तेच सांगतात. हिचे वडील आमच्याकडचं पाणी घेत नाहीत हो, अजून. त्या 'अजून'वर सगळे माझ्याकडं बघतात. तुम्ही जवळ उतरलात, की रोज येणार, रोज कोरडे बसणार. मग तेच बोलणं पुढं कितीतरी महिने चालेल."

"म्हणून तर आता पिणार म्हणतोय मी!"

"आता प्यायलात तर काय म्हणतील? म्हणतील, बापानंसुद्धा आशा सोडली. माझे उपचार चालू आहेत, बाबा. मी नाही सोडलेली. पण सासूबाईंना तेवढंच निमित्त हवंय. इकडं दुसऱ्या स्थळाच्या गोष्टी चालतात, हळूच, मी स्वयंपाकघरात असले की."

चंद्रप्रभाबाईंनी रिसीव्हरवरचा कान काढला नाही. फक्त नवऱ्याच्या सदऱ्याची बाही मुठीत धरली.

"मग मी काय करू, बाळा?" गुणवंत म्हणाले. "प्यायचं, की नाही प्यायचं? तू सांग."

"लांब उतरा," उत्तरा म्हणाली. लगेच तिचा सूर बदलला, "हो, हो, बाबांचाच आहे, देते," आणि फोन दुसऱ्या हातात गेला.

"नमस्कार बाबा!" राजवर्धनचा आवाज मोकळा आणि अदबीचा होता. "काय मग, कुठं ठरतंय? मी सांगू? हॅवलॉकला जा. वेगळं बेट आहे, इथून बोटीनं जायचं. काय समुद्र आहे! आमच्याकडं साधं घर. त्यात तुमचं ते पाण्याचं. आईला उगीच अवघडल्यासारखं होतं, यू नो."

गुणवंतांच्या मनात खूप होतं. भरल्या मांडवात जे खणखणीत बोलता आलं होतं, त्याच्या उलट बोलायला त्या काचेच्या पेटीत एकही शब्द मिळेना. काय बोललं तर लेकीवर बेतणार नाही, तेच कळेना.

"हो," ते म्हणाले. "बरोबर आहे तुमचं. उत्तरा येईल ना तिकडं, भेटायला?"

"येईल की! सकाळच्या बोटीनं येऊन दुपारच्या बोटीनं परत. एक दिवस काय, सहज जमेल."

"फार उपकार झाले," गुणवंत म्हणाले. जावयाला उपकार म्हणायचं नसतं, हे त्यांना बूथबाहेर आल्यावर आठवलं.

संध्याकाळी विनयराव नकाशा घेऊन आले आणि हॅवलॉकचं नाव ऐकून टेबलावर थाप मारली. "वा! आत्ता कुठं अक्कल आली! तिथं माझ्या ओळखीचा एक बंगाली आहे. नारळाच्या बागेत त्याच्या खोल्या. खिडकी उघडली की निळा समुद्र, पांढरी वाळू. थोडी महाग पडेल, पण माणूस आयुष्यात एकदाच जातो. तीच सांगू ना?"

"दुसरी कुठली आहे?"

"दुसरी तुम्हाला नको. ती जेट्टीवर आहे. दिवसभर डिझेलचा वास, बोटींचे भोंगे, हमालांची आरडाओरड. खिडकीतून धक्क्याशिवाय काही दिसत नाही."

"ती सांगा," गुणवंत म्हणाले.

"अहो, मस्करी करता का? एवढा समुद्र ओलांडून जायचं आणि धक्का बघत बसायचं?"

गुणवंत नकाशाची घडी नीट करत राहिले. ती जुन्या दुमडीवर बसेना. स्वयंपाकघरातून चंद्रप्रभाबाईंचा आवाज आला.

"विनयभावजी, पोर्ट ब्लेअरची सकाळची बोट त्या खिडकीतून लांबूनच दिसते का, की धक्क्याला लागल्यावर, तेवढं तिथल्या मालकाला विचारून घ्या."