भोंगा धार काढत नाही

मित्रांनो, मी एक म्हरोही आहे. फार जुनी नाही, फार नवीही नाही, मधलीच आहे. खरं सांगायचं तर आमच्या जातीत सगळंच मधलं असतं.

माझी आई म्हैस होती आणि वडील रोही. पुस्तकात त्यांना नीलगाय म्हणतात. पण वडील निळे नव्हते आणि गाईशी त्यांची साधी ओळखही नव्हती. आमच्या समुद्रपूर तालुक्यात त्यांना रोहीच म्हणतात. घोड्यासारखे पाय, गळ्याखाली दाढीचा झुपका आणि मुलगी बघायला आलेल्या नवरदेवासारखा घाबरा चेहरा, असं ते जनावर. मला अंग आईचं मिळालं आणि पाय वडिलांचे. कोणी आरामखुर्चीला सायकलची चाकं लावावीत, तशी मी दिसते.

असं होऊ शकत नाही, हे मला माहीत आहे. एकदा गुरांचे डॉक्टर आले होते. नाल्याच्या अलीकडून ते माझ्याकडे बघत होते, पलीकडून मी त्यांच्याकडे. "म्हैस आणि रोही यांचं पिल्लू होणं शक्यच नाही," ते म्हणाले. शिकलेल्या माणसाचा अपमान नको म्हणून मी रवंथ थांबवला. ते गाडीत बसून गेले आणि मग मी पुन्हा सुरू केला. आपण शक्य नसलो तरी भूक लागते, मित्रांनो. तिथे इलाज नाही.

आमचा कळप जाम गावाच्या अलीकडे, नाल्याच्या काठी राहतो. कळपात सगळ्यांच्या आया वेगवेगळ्या गोठ्यांतल्या आणि वडील सगळ्यांचे पळून गेलेले. आमची पुढारी म्हणजे थोरली. ती फार विचार करते आणि मग सगळ्यांना घेऊन पळते. दुपारी आम्ही चिखलात लोळतो. म्हशी लोळतात तेव्हा डोळे मिटून घेतात, जगाचं काही का होईना. आम्हाला ते जमत नाही. अंग चिखलात सुखावतं आणि मान वर होऊन चारी दिशांना वाघ शोधते. या भागात वाघ क्वचितच फिरकतो. पण मानेला कोण समजावणार?

सगळ्यात अवघड वेळ संध्याकाळची. दिवस कलला की आमच्यातली म्हैस जागी होते आणि म्हणते, चला घरी. कळप मुकाट्याने गावाकडे निघतो. गावाच्या शिवेवर येऊन आम्ही ओळीने उभे राहतो. चुलींचा धूर येतो, सरकीच्या ढेपेचा वास येतो, कोणाच्या तरी गोठ्यात साखळी वाजते. आमच्या तोंडाला पाणी सुटतं. तेवढ्यात कोणीतरी साधं खोकतं आणि आमच्यातला रोही उठतो. मग आम्ही जे पळतो ते थेट नाल्यात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घरी जायची इतकी हौस असलेला आणि घर नसलेला दुसरा कळप मी तरी पाहिलेला नाही.

माझ्या आईचं नाव चंद्री. ती गोपिकाबाईंची म्हैस. गोपिकाबाई आणि त्यांचे यजमान बापूराव नाल्यालगतच्या वावरात वांगी, कोबी, मेथी लावतात आणि बाजारात नेऊन विकतात. एका पावसाळ्यात आई चरायला गेली आणि रोह्यांच्या कळपात राहिली. पुढे मी झाले. गोपिकाबाई रोज धारेच्या वेळेला बांधावर येऊन हाक मारायच्या, "ये वं चंद्रे, ये माय, ये घरी!" ती हाक आली की आईचे कान उभे राहायचे, तिला पान्हा फुटायचा आणि ते दूध मी प्यायचे. म्हणजे मी गोपिकाबाईंच्या हाकेवर वाढले असंच म्हणायला हवं.

आई घरी का गेली नाही, असं तुम्ही विचाराल. मला सोडून ती जाऊ शकत नव्हती. आणि मी तिच्याबरोबर जाऊ शकत नव्हते, कारण पाय वडिलांचे होते. शेवटी ती म्हातारी होऊन नाल्यातच गेली. हाक मात्र थांबली नाही. गोपिकाबाईंच्या तोंडाला सवयच पडली होती. धारेची वेळ झाली की हातातलं खुरपं खाली ठेवून त्या नाल्याकडे तोंड करायच्या, दोनदा हाक मारायच्या आणि पुन्हा निंदायला बसायच्या. बापूरावांना ती हाक ऐकूसुद्धा येत नसे. रोज कानावर पडणारा आवाज माणसाच्या कानात शिरत नाही.

यातूनच पुढची चूक झाली.

यंदा कोबी चांगला धरला. रानडुकरं, रोही आणि आम्ही, सगळ्यांनाच तो आवडला. बापूरावांनी जामच्या चौकातून एक भोंगा आणला. हल्ली तो सगळ्याच शिवारात असतो. माणसाचं ओरडणं त्यात भरून ठेवायचं आणि भोंगा खांबावर बांधायचा. मग माणूस घरी झोपतो आणि त्याचा आवाज वावर राखतो. बापूरावांचा घसा बसला होता. म्हणून त्यांनी मोबाइल गोपिकाबाईंसमोर धरला. मी तेव्हा तुरीत लपून त्यांचं बोलणं ऐकत होते.

"हाकल."

"कोणाले?"

"रोह्याले."

"कुठी हाये रोही? रिकाम्या वावराले हाकलू का मी? लोक पागल म्हणतीन."

"रोही समोर उभा हाये असं समज अन् बोंबल!"

"मंग तुमी उभे राहा समोर. मले राग तरी येईन."

बापूराव समोर उभे राहिले. त्याबरोबर गोपिकाबाईंना उत्तम जमलं. "हाट! हाट! चाल निंघ इथून! लाज नाई वाटत का दुसऱ्याचं खाले?" बापूराव दोन पावलं मागे सरले. तोवर दिवस कलला होता. गोपिकाबाईंनी पदर सारखा केला, नाल्याकडे वळून सवयीने हाक मारली, "ये वं चंद्रे, ये माय, ये घरी!" आणि त्या मेथी खुडायला गेल्या. बापूरावांनी त्यानंतर मोबाइल बंद केला. त्यांच्या मते त्यात फक्त हाकलणं भरलं होतं.

भोंगा सुरू झाला तो आमच्या कळपाने कधी विसरू नये असा दिवस. आम्ही कोबीजवळ आलो. "हाट! हाट!" भोंगा ओरडला. आम्ही पळालो. बांधापर्यंत पोचतो न पोचतो तोच, "ये माय, ये घरी!" आम्ही वळलो आणि कोबीतून धावत परत आलो. "चाल निंघ इथून!" पुन्हा पळालो. "ये घरी!" पुन्हा आलो. खायला कोणाला सवडच नव्हती. पण येता-जाता कोबीचा जो चेंदा झाला, तो चार कळपांनी बसून खाल्ला असता तरी झाला नसता. बापूरावांचं वावर संपल्यावर वळायला जागा कमी पडली, म्हणून शेजारच्या नत्थूजींचं वावरही घेतलं.

सकाळी नत्थूजी बांधावर आले. "बापूराव, तुमचा भोंगा जनावरं हाकलते का जेवाले बलावते?"

बापूरावांनी भोंग्याला कान लावला. त्यांना हाट, हाट तेवढं ऐकू आलं. "चांगला तं चालून राह्यला," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात माझी वगार गेली. वगार म्हणजे मादी पिल्लू. माझी पहिलीच होती आणि दूध पिता पिता शेपटी हलवायची. हायवे ओलांडताना ट्रक आला. रोह्याने अशा वेळी उडी मारून पलीकडे जायचं असतं, म्हशीने रस्त्यात ठाण मांडायचं असतं. दोन्हींपैकी काहीही एक केलं असतं तरी ती वाचली असती. तिने रोह्यासारखी उडी मारली आणि मधोमध जाऊन म्हशीसारखी बसली.

थोरलीने कळपाला थांबू दिलं नाही. ते बरोबरच होतं.

पण दुधाला कोणी सांगितलं नव्हतं. ते येत राहिलं. रोह्याच्या मादीचं दूध पिल्लापुरतं असतं, माझं म्हशीचं. कास तटतटली, मग तापली. चालताना मागचे पाय फाकवावे लागत होते. चिखलात बसले तर आणखी दुखायचं. आणि संध्याकाळी भोंगा म्हणायचा, "ये वं चंद्रे, ये माय." ते नाव आईचं होतं, हे मला कळत होतं. तरी मला पान्हा फुटायचा.

मग मी जाऊ लागले. कळप कोबीत पळापळ करायचा आणि मी खांबापाशी जाऊन भोंग्याखाली उभी राहायचे. आवाज इथूनच येतो, म्हणजे हातही इथेच असणार, असा माझा हिशेब. मी पाय फाकवून, मान खाली घालून, शहाण्या म्हशीसारखी उभी राहायचे. भोंगा वरून बोलवायचा आणि मी वाट बघायचे. चार थेंब आपोआप गळायचे. खाली मुंग्यांची रांग लागायची. त्यांचं बरं चाललं होतं. मग भोंगा "हाट!" म्हणायचा आणि मी आधी पळायचे, नंतर रडायचे.

एका संध्याकाळी गोपिकाबाईंनी मला पाहिलं. त्या बापूरावांना म्हणाल्या, "अवो, पाहा ना तिकडं! पान्हावून राह्यली ती. थोबाड तं माह्या चंद्रीचंच हाये!"

"जवळ नोको जाऊ. चावंल."

"म्हैस चावते का कधी?"

"हे म्हैस कुठी हाये?"

"अर्धी तं हाये ना! अर्ध्या म्हशीखाली बसाले काय भेव?"

त्या बादली घेऊन आल्या. सरळ आल्या नाहीत. माझ्याकडे न बघता, जमिनीवरच्या काड्या वेचत, आपण दुसऱ्याच कामाला निघालो आहोत अशा आल्या. माझे पाय फसले. त्यांनी कासेला हात लावला. "अवं माय, दगड झाला वं तुह्या कासेचा! कोणी पाह्यलं नाई का तुले?" त्या म्हणाल्या. मित्रांनो, मला तोवर कोणी असं विचारलं नव्हतं. पहिली धार रक्ताळलेली आली, दुसरी पिवळी. मग पांढरी आली आणि उजवी बाजू हलकी झाली. माझे डोळे मिटले. अगदी पूर्ण मिटले. मान वाघ शोधायला वर गेलीच नाही. त्या डाव्या बाजूला येऊन बसल्या.

आणि वरून भोंगा ओरडला, "हाट! हाट! चाल निंघ इथून! लाज नाई वाटत का दुसऱ्याचं खाले?"

आवाज त्यांचाच होता. खालून त्यांचे हात थांब म्हणत होते, वरून त्यांचंच तोंड निघ म्हणत होतं. मी कोणाचं ऐकावं, हे ठरवायला वेळ मिळाला असता तर मी हातांचं ऐकलं असतं. पण पाय ठरवत बसत नाहीत. मी उडी घेतली. बादली उडाली, दूध मातीत गेलं आणि माझी लाथ गोपिकाबाईंच्या गुडघ्यावर बसली.

बापूराव काठी घेऊन धावले. मी बांधापलीकडून पाहिलं. गोपिकाबाई गुडघा धरून जमिनीवर बसल्या होत्या आणि बापूरावांवरच ओरडत होत्या.

"तिले काऊन मारता? तिनं नाई मारलं मले. तुमच्या भोंग्यानं मारलं!"

"भोंग्यानं?"

"ऐका ना नीट! मीच बलावतो तिले अन् मीच हाकलतो. जनावरानं करा काय?"

बापूराव खांबाखाली उभे राहिले. भोंगा म्हणाला, "ये वं चंद्रे, ये माय, ये घरी." इतक्या वर्षांत त्यांना ती हाक पहिल्यांदा ऐकू आली.

"धारेच्या टायमाले तेवढा बंद ठेवा," गोपिकाबाई म्हणाल्या.

"तोच तं डुकराचा टाईम हाये. अन् नत्थूजी काय म्हणतीन?"

नत्थूजी काय म्हणाले ते सगळ्या शिवाराने ऐकलं, कारण आता भोंग्यात त्यांचाच आवाज आहे. गावाने मिळून तो निवडला. त्यांच्या खाकरण्यालाही त्यांची सून दचकते म्हणतात. त्यात बोलावणं औषधालाही नाही. नुसतं हाट, हाट. चूक दुरुस्त झाली, कोबी उभा राहिला. बापूरावांना दोष देता येत नाही. पोट त्यांनाही आहे.

थोरलीने थोडा विचार केला आणि कळप गिरडच्या डोंगराकडे नेला. जाताना तिने वळून पाहिलं. मी निघाले नाही. निघालेच नाही असंही नाही, अर्ध्या वाटेवरून परत आले. आमच्याकडे असंच चालतं.

कासेची डावी बाजू आता दगडासारखी झाली आहे. अंगात ताप असतो. गोपिकाबाईंचा गुडघा सुजला आहे. त्यांना नाल्यापर्यंत येववत नाही. तरी दिवस कलला की त्या काठी टेकत बांधावर येतात आणि नाल्याकडे तोंड करतात. त्यांचं तोंड हलताना मला दिसतं. वर नत्थूजी गर्जत असतात. मी एक पाऊल पुढे टाकते आणि तीन मागे येते.

म्हणून तुम्हाला एवढीच विनंती आहे. पिकं तुमची आहेत, ती राखा. आम्हाला हाकला, आमची तक्रार नाही. आम्ही शक्य नाही, असंही खुशाल म्हणा. फक्त धारेच्या वेळेला, माणसाला एक हाक मारायला लागतो तेवढा वेळ, भोंगा बंद ठेवा. जनावर जवळ येऊन उभं राहिलं तर ते दरवेळी चोरीच करायला आलेलं नसतं. कधी कधी त्याचं नुसतं दुखत असतं.

आत्ता दिवस कलतो आहे. त्या बांधावर आल्या आहेत.