फ्रीझरमधला कोट

संसाराचा खरा शत्रू दारातून येत नाही, तो कपाटातच जन्म घेतो, असं थोर माणसं सांगून गेली आहेत. थोर माणसांच्या कपाटात सासऱ्यांनी दिलेला कोट नसायचा, त्यामुळे त्यांचं बोलायला काय जातं!

धाकट्या जावईबापूंच्या कपाटात तो होता. राखाडी, जाडजूड, आणि सासरेबुवांच्या शब्दांत 'अस्सल लोकर'. लग्नात दोन्ही जावयांना एकेक मिळाला होता. थोरल्या साडूने आपला बसमध्ये विसरून घालवला, तेव्हापासून सासरेबुवा त्याच्याशी फक्त हवामानावर बोलत. आता रविवारी ते जेवायला येणार आणि चपला काढायच्या आत कोटाची चौकशी करणार, हे ठरलेलं.

आणि नेमकी त्याच आठवड्यात कपाटाला कसर लागली. दार उघडताच एक फिकट पतंग घरमालकाच्या तोऱ्यात बाहेर आला. स्वेटरची चाळण झाली होती, मफलरची जाळी, आणि बायकोच्या शालीला तर खिडक्याच पडल्या होत्या. कोट तेवढा शाबूत.

"अळ्या अजून इथवर पोचलेल्या दिसत नाहीत," जावईबापू कुजबुजले. अळ्यांना वाट कळू नये, हा हेतू.

"पोचतील की. त्या काही तुझ्यासारख्या आळशी नाहीत," बायको म्हणाली.

जावईबापूंनी आधी खिशाखिशांत डांबराच्या गोळ्या भरल्या. मग कोटावर लवंगांचं पाणी शिंपडलं, तेही हात न आखडता. शेवटी शेजारच्या काकूंनी सांगितलं, "थंडीने मरतात हो. पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये टाका." लगेच वाटाणे बाहेर आले, बर्फाचे ट्रे बाहेर आले. आइस्क्रीमचा डबा बायकोने केवळ कर्तव्य म्हणून एकटीने संपवला. ओला कोट घडी घालून आत गेला.

रविवारी सासू-सासरे ठरल्या वेळेआधीच दारात हजर. बाहेर रणरणतं ऊन, पंखा गरम वारा फेकत होता.

"जावईबापू, कोट कुठाय? घाला बघू जरा!"

जावईबापू स्वयंपाकघरात धावले. कोट फळीसारखा बाहेर आला. बाह्या वाकवताना कडकड आवाज झाला. तो अंगात चढवून ते बाहेर आले, तेव्हा त्यांना मान वळवता येत नव्हती.

"वा! बसलाय कसा ताठ! ऊब जाणवते ना?"

"जा... जाणवते, बाबा."

"अगं, पोराच्या डोळ्यांत पाणी आलं!" सासरेबुवांना गहिवरून आलं. "याला म्हणतात कदर. नाहीतर आमचे थोरले!"

जावईबापूंचे दात वाजत होते, पण ऊर अभिमानाने भरून आला होता. खुर्चीवरच्या शालीची दशा दाखवत त्यांनी विजयाची घोषणा केली, "कसरीने सगळं कपाट खाल्लं, बाबा. तुमचा कोट मी वाचवला."

"तुम्ही कशाला वाचवताय? माल अस्सल आहे! तोंड लावायची हिंमत झाली नसेल त्यांची!"

सासूबाई पदराने चष्मा पुसत होत्या.

"कसर लोकर खाते," त्या म्हणाल्या. "तो पॉलिस्टरचा आहे. दोन्ही मीच आणले होते."