स्थळ : गोजराचे खाचर

चेटकिणींचं युद्ध एका ढगावरून सुरू झालं. हे मी लिहिलं तेव्हा मला नुकतंच अठरावं लागलं होतं आणि ढगावरून भांडण ही मला कल्पना वाटत होती. पुस्तक पठारावरच्या आणे गावाला पोचल्यावर कळलं, की तिथे ती बातमी म्हणून वाचली जातेय.

कथा सोपी होती. भीमाशंकरच्या डोंगरातल्या चेटकिणी समुद्राकडून येणारा ढग अडवतात, धुण्यासारखा पिळून घेतात आणि चोथा पुढे पाठवतात. तो आण्याच्या पठारावर पोचेपर्यंत त्यात चहापुरतंही पाणी उरत नाही. म्हणून पठारावरच्या चेटकिणी चालून येतात. पहिला खंड १९९९ साली निघाला, त्यात डोंगर जिंकला. २००१च्या दुसऱ्या खंडात पठार जिंकलं. तिसरा खंड शेवटचा, असं मी जाहीर केलं आणि दोन्हीकडच्या लोकांनी माझ्याशी जपून बोलायला सुरुवात केली.

पुस्तकं छापली धर्माजींनी. नारायणगावात त्यांचा छापखाना होता आणि मी तिथेच कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायला होते. मुख्य धंदा लग्नपत्रिकांचा आणि द्राक्षाच्या पेट्यांच्या लेबलांचा. मधल्या मोकळ्या वेळात साहित्य. पहिल्या खंडाच्या मुखपृष्ठावर चेटकिणीच्या डोक्यामागे द्राक्षांचा घड आहे. तो कशाचं प्रतीक आहे, असं जुन्नरच्या एका प्राध्यापकांनी पत्र पाठवून विचारलं होतं. तो आदल्या कामाचा राहून गेला होता.

आण्याचे सावळाराम गुरुजी दर पंधरा दिवसांनी जीपने छापखान्यात यायचे. निवृत्त शिक्षक, पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं. मालिका एक-एक अशी बरोबरीत आहे याची ते मला आठवण करून द्यायचे आणि डोंगराच्या सैन्यातले कच्चे दुवे लिहिलेला कागद टेबलावर ठेवून जायचे. त्यातला एक दुवा मला आवडला होता : ‘डोंगरातल्या चेटकिणींना सतत सर्दी असणार.’

डोंगराची सेनापती गोजरा. ती मी गोजरबाईवरून घेतली होती. नावातलं ‘बाई’ काढलं, एवढीच माझी प्रतिभा. वडील डोंगरातल्या तळेघर गावाच्या वरच्या एका वाडीत शाळेवर होते, तेव्हा आम्ही तीन वर्षं तिच्या घराच्या अर्ध्या भागात राहत होतो. वाडीचं नाव सांगत नाही, कारण तिथले लोक वाचतात. गोजरबाईचा नवरा वारला होता, मूल नव्हतं, आणि झऱ्याखाली भाताचं एक खाचर होतं, जे उन्हाळ्यातसुद्धा ओलं असायचं. शिवाय ती तोंडावर बोलायची. अशा बाईला वाडीत काय म्हणतात ते मी सातव्या वर्षीच ऐकलं होतं. ती चेटूक करताना कधी दिसते म्हणून मी तीन वर्षं पाळत ठेवली. तिने फक्त शेती केली. तेव्हा निराश होऊन मी पुढे पुस्तक लिहिलं.

२००३च्या एप्रिलमध्ये ती छापखान्यात आली. वाडीतून तळेघरपर्यंत चालत, तिथून एसटी, मग जीप. लेबलांच्या गठ्ठ्यावर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, की तिसऱ्या पुस्तकाचा शेवट ऐकायला आलेय. मग चहा पिता पिता, भाजीचा भाव सांगावा तसं तिने सांगितलं, की तिच्या नवऱ्याच्या पुतण्याची, भागूची, म्हैस मेली. म्हैस म्हातारी होती आणि तिने प्लॅस्टिक खाल्लं होतं. पण भागूचं म्हणणं, गोजरबाईने केलं. येत्या वीस तारखेनंतरच्या सोमवारी वाडीची बैठक होती. दुसऱ्या खोऱ्यातून भगत बोलावला होता. तो तांदूळ टाकून चेटकिणीचं नाव काढणार होता. नाव कुणाचं निघणार हे तांदूळ सोडून सगळ्यांना माहीत होतं. ज्याचं नाव निघेल त्याने त्याच दिवशी वाडी सोडायची.

सोमवारच का, तेही तिने सांगितलं. राब भाजायचे दिवस होते. भाताचं रोप टाकायच्या आधी खाचराच्या कोपऱ्यात शेण, पाला, फांद्या अंथरून जाळतात, तो राब. वाडीचा नियम असा, की ज्याने राब पेटवला त्याचं ते खाचर. पेटलेल्या राबात दुसऱ्याने हात घालायचा नाही. गोजरबाई सोमवारी सकाळी वाडीबाहेर गेली, की दुपारी भागू राब पेटवणार. म्हशीचं दुःख संध्याकाळपर्यंत हलकं होणार.

मी म्हणाले, आत्ताच्या आत्ता तक्रार करू. ती म्हणाली, कर. पण आधी शेवट वाच.

मी वाचला. शेवट मला फार चांगला जमला होता. लढून थकलेली गोजरा आपलं घर, आपलं रान मागे टाकते आणि पहाटेच्या धुक्यात चालत चालत दिसेनाशी होते. टाइप करताना मी स्वतः रडले होते.

“कुठं जाती?” गोजरबाईने विचारलं.

“धुक्यात.”

“धुक्यात कुठं?”

“मावशी, ते धुकं म्हणजे प्रतीक आहे.”

“कुणाचा प्रतीक?”

धर्माजी मशिनीमागे खोकले. त्यांच्या मेव्हण्याच्या मुलाचं नाव प्रतीक आहे.

गोजरबाईने कप खाली ठेवला. “हर्षे, दोन पुस्तकं मी माज्या पदरात गुंडाळून ठिवली. वाचता येत न्हाई तरी ठिवली. का, तर त्यात एक बाई हाय जी हालत न्हाई. आन् आता तूच तिला धुक्यात घालवतीस. भागू तरी येगळं काय करतोय? ती कुटं जानार न्हाई. तिचं खाचर हाय तितं.”

माझी तिन्ही खंडांची मेहनत एका वाक्यात भागूच्या रांगेत जाऊन बसली. मी त्याच टेबलाशी शेवट बदलला. धुकं काढलं. गोजरा आपल्या खाचरात पाय रोवून उभी राहते आणि पठाराच्या सैन्याला सांगते, की मी इथे आहे, यायचं त्यांनी या. संपलं. पुढे कोण जिंकलं ते नाही. वाचून दाखवल्यावर गोजरबाई म्हणाली, आता बरं झालं. शेवटच्या पानांचा फॉर्मा मशिनीवर चढवायला देऊन मी तक्रारीचा अर्ज घेऊन बाहेर पडले. तीन कार्यालयांत गेले. तिन्ही ठिकाणी चहा मिळाला आणि सांगण्यात आलं, की अजून काही घडलेलं नाही. घडलं की या.

आठवड्याने बांधलेली पुस्तकं आली. पहिला गठ्ठा जीपने आण्याला रवाना झाल्यावर मी शेवटचं पान उघडलं. धर्माजींना रिकामी जागा सहन होत नाही. धुकं काढल्यामुळे अर्धं पान मोकळं राहिलं होतं. त्यावर, ‘यायचं त्यांनी या’च्या खाली, वेलबुट्टीच्या चौकटीत छापलं होतं :

‘तरी या मंगल प्रसंगी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहावे, हेच आग्रहाचे निमंत्रण. स्थळ : गोजराचे खाचर, तळेघरच्या वर. वार : येता सोमवार. मुहूर्त : सकाळी १० वाजून ३७ मिनिटे.’

खाली : ‘कृपया आहेर आणू नये.’

मी धर्माजींना इतकंच विचारलं, की हे काय आहे. ते शांतपणे म्हणाले, ‘या’ म्हणून लिहिलंस आणि कुठं, कधी ते लिहिलं नाहीस. अशी पत्रिका तीस वर्षांत आपण बाहेर सोडलेली नाही. स्थळ आणि वार त्यांनी स्वतःच्या मनाने घातला नव्हता. मी अर्ज लिहीत होते तेव्हा गोजरबाई तिथेच बसली होती. “मुलीकडच्यांना विचारूनच छापलंय,” ते म्हणाले. मुहूर्त मात्र त्यांचा स्वतःचा. सदतीस मिनिटं त्यांना पहिल्यापासून आवडतात.

सोमवारी मी वाडीत पोचले तेव्हा देवळापुढे बैठकीचं घोंगडं अंथरलेलं होतं. मध्ये भगत, बाजूला त्याची तांदळाची पुरचुंडी. समोर भागू, नवा सदरा घालून. वाडीचे वडीलधारे चिमाजीबाबा खांबाला टेकलेले. गोजरबाई जरा लांब, जोत्यावर, पदरात तीन पुस्तकं घेऊन. तिच्या मागे उतारावर तिचं खाचर दिसत होतं आणि कोपऱ्यात रचून ठेवलेला राब. रचला तिने होता. पेटवणार कोण, एवढंच बाकी होतं.

साडेनऊला खालच्या पायवाटेवर फेटे दिसले. फेटे-टोप्या मिळून सव्वीस, आणि तीन छत्र्या. तळेघरला जीपा सोडून आण्याची मंडळी चढून आली होती. पुढे सावळाराम गुरुजी, हातात तिसरा खंड, शेवटच्या पानावर बोट घालून. पत्रिका आल्यावर जायचं नाही, हे आण्यात बसत नाही. आणि पत्रिका घेऊन दारात आलेल्याला हाकलायचं, हे वाडीत बसत नाही. चिमाजीबाबा उठले, पावणं आलं म्हणाले, आणि बैठक थांबली. चूल पेटली. भागूची बायको मंगल पुढे होऊन भाताचं बघायला लागली. भागू घोंगड्यावर एकटाच बसून राहिला, लग्नात नवरी न आलेल्या नवऱ्यासारखा.

चहा झाल्यावर गुरुजींनी युद्ध कधी सुरू होणार, अशी चौकशी केली. त्यांना स्वतःला लढायचं नव्हतं, गुडघे दुखत होते. ते निकाल बघायला आले होते. सेनापती कुठे आहेत, म्हणाले.

भागूने सांगितलं, की ती आज वाडीतून चाललीय.

गुरुजींनी खिशातलं एक पेन काढलं. “म्हणजे डोंगराने माघार घेतली. ठीक. आणे जिंकलं, असं लिहून द्या. खाली पंचांच्या सह्या.”

आणि पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर खरोखरच ओळ आखून त्यांनी ते चिमाजीबाबांपुढे धरलं.

मी चिमाजीबाबांकडे बघत होते. हा माणूस तासापूर्वी गोजरबाईला घालवायला तयार होता. त्याने कागद वाचला, मग सव्वीस पाहुण्यांकडे पाहिलं, मग पुन्हा कागद.

“आमची बाई हाय,” तो म्हणाला. “ठिवू न्हाईतर घालवू, आमचं आमी बघू. पर तुमच्या कागदावर सही? न्हाई व्हनार, पावणं.”

“मग सेनापती हजर करा.”

“हजर हाय की. ती काय बसलीय.”

भागू चिडून म्हणाला, पुस्तक राहू दे बाजूला, आधी तांदूळ टाका. भगताने हात मागे नेला. पुरचुंडी होती, आत काही नव्हतं. सगळीकडे शोधलं. शेवटी मंगल चुलीपाशीच बसून, वर न बघता बोलली, “भात कमी पडत व्हता. सव्वीस मान्सं हायेत.”

भगत म्हणाला, ते मंतरलेले होते. मंगल म्हणाली, शिजलेत पण चांगले. तिचं दुसरं बाळंतपण भर पावसात गोजरबाईनेच केलं होतं. भागू त्या दिवशी तळेघरला अडकला होता. त्याला ते फक्त ऐकून माहीत होतं.

मला वाटलं, हीच वेळ आहे. मी उभी राहिले. चेटकीण असं काही नसतं, म्हैस प्लॅस्टिकने मेली, हे सगळं मी टेबलावर बसून रचलंय, असं मोठं भाषण माझ्या तोंडात तयार होतं. पहिलं वाक्य निघालंही.

“खाली बस, हर्षे,” गोजरबाई म्हणाली. ती जोत्यावरून उतरली. “इतकी वर्सं मी न्हाई म्हनत व्हते, तर कुनी ऐकलं न्हाई. आज हाय. हाय मी चेटकीन. कुनाला काय करायचं ते करा.”

कुणी काही केलं नाही. भगतसुद्धा चुलीकडे बघायला लागला.

ती खाचराच्या उताराला लागली. सगळे उठून मागे निघाले, वाडी एका बाजूने, आणे दुसऱ्या बाजूने. भागू धावत पुढे गेला आणि बांधावर आडवा उभा राहिला. ती शेजारून वळसा घालून खाली उतरली, जसं रस्त्यात बसलेल्या म्हशीला घालतात. गुरुजींनी घड्याळ डोळ्यांजवळ धरून खणखणीत आवाजात सांगितलं, की छत्तीस झालेत. गोजरबाई थांबली. कमरेची काडेपेटी काढून हातात धरली आणि अख्खं एक मिनिट तशीच उभी राहिली. पत्रिकेत दिलेला शब्द तिला मोडायचा नव्हता.

“सदतीस,” गुरुजी म्हणाले.

तिने काडी ओढली. वाळलेल्या पाल्याने लगेच पेट घेतला. आण्याच्या लोकांनी युद्ध सुरू झालं समजून टाळ्या वाजवल्या, आणि आण्याने वाजवल्या म्हणून वाडीने त्याहून जोरात वाजवल्या. भागू बांधावरून एक पाऊल खाली आला. चिमाजीबाबा नुसतं म्हणाले, “पेटला राब.” भागूने पाऊल मागे घेतलं.

पश्चिमेचं वारं होतं. धूर उठला, झऱ्यावरून वळला आणि सरळ पूर्वेला, पठाराच्या दिशेने निघाला. गुरुजींनी छत्री उघडली, बंद केली आणि हा हल्ला धरायचा का, असं सेनापतींना रीतसर विचारलं.

गोजरबाई काठीने राब सारखा करत होती.

“ढग हाय,” ती म्हणाली. “तुमाला पायजे व्हता ना? घेऊन जा. आन् जाताना जेवून जा, भात लई झालाय.”