मिठाच्या साठ पुड्या

कुमुदिनीचा स्वभावच असा, की दुसऱ्याचं काम आपणहून अंगावर घ्यायचं आणि मग ते आपल्याच पद्धतीनं करायचं. जपानमधल्या कावासाकीच्या त्या इमारतीत तिच्या वरच्या मजल्यावर देसा-सान, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत देसाबाई, राहायच्या. मूळच्या क्रोएशियातल्या दुब्रोवनिकच्या, वय साठ, नवरा जहाजावर इंजिनीयर. सात वर्षांचा शेजार. दोघींची जपानी मोडकीतोडकी, पण गप्पा मात्र पोटभर. आता नवरा रिटायर झाला होता आणि शहाण्णवच्या त्या जूनअखेर देसा-सान कायमच्या गावी निघाल्या होत्या.

निघण्याआधी वॉर्डाच्या आंतरराष्ट्रीय मेळाव्यात त्यांना एक टेबल मिळालं. टेबलावर पहिल्यांदाच त्यांच्या नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाची स्वतःच्या नावाची पाटी! "इथल्या लोकांनी माझं गाव फक्त टीव्हीवर, युद्धात जळताना पाहिलंय," त्या म्हणाल्या. "एक दिवस तरी त्यांनी आमची जहाजं बघावीत." शेकडो वर्षं त्यांच्या गावानं समुद्रावर व्यापार केला, आणि जवळच्या मिठागरातल्या मिठानं गावाची भरभराट झाली. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या हातावर तेच मीठ चिमूटभर ठेवायचं, हा त्यांचा बेत.

"हातावर मीठ? छे छे, अजिबात नाही!" कुमुदिनी उसळली. "आमच्यात हातावर मीठ दिलं की भांडण होतं. मी पुड्या बांधते."

झालं! देवळातल्या अंगाऱ्याच्या बांधतात तशा पांढऱ्याशुभ्र कागदाच्या साठ पुड्या तिनं बांधल्या. काय सुबक दिसत होत्या म्हणून सांगू!

मेळाव्यात लोक यायचे, जहाजांची चित्रं बघायचे, हसायचे. कुमुदिनी पुडी पुढे करायची आणि आत काय आहे ते सांगायची. की लगेच हसू मावळायचं. माणूस वाकून नमस्कार करायचा, पुडी हळूच टेबलावर ठेवायचा आणि सटकायचा. अकरा वाजेपर्यंत जहाजांबद्दल कुणी एक प्रश्न विचारला असेल तर शपथ. देसा-सान खुर्चीत बसल्या. "राहू दे गं," त्या म्हणाल्या, "आमच्याबद्दल ऐकायला कुणाला आवडतंय?"

तेवढ्यात एक म्हातारी आली. तिनं पुडी दोन्ही हातांत घेतली आणि देसा-सानना हळू आवाजात विचारलं, "तुमच्या घरचं कोण गेलं?"

कुमुदिनीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गेल्या वर्षी खालच्या मजल्यावरचे आजोबा वारले, तेव्हा अंत्यविधीला आलेल्या प्रत्येकाला अशीच मिठाची पांढरी पुडी मिळाली होती. घरात शिरण्याआधी अंगावर शिंपडायला. आणि इथे ही बया मेळाव्याच्या आनंदाच्या दिवशी सकाळपासून तीच वाटत सुटली होती!

"सुमिमासेन, सुमिमासेन!" तिनं म्हातारीपुढे कमरेत वाकून माफी मागितली. "कुणी नाही गेलं हो. मूर्ख मी!"

मग तिनं भराभर पुड्या फोडल्या. डब्यासाठी आणलेल्या काकड्या कापल्या, वर देसा-सानचं मीठ भुरभुरलं आणि ताटली म्हातारीपुढे धरली. म्हातारीनं फोड तोंडात टाकली, डोळे मिटले. "ओइशी! फारच चविष्ट! हे मीठ कुठलं?"

बस्स, तेवढंच हवं होतं. देसा-सान उठल्या. मिठागरं कशी, जहाजं कुठे कुठे जायची, सगळं त्या हातवारे करून सांगायला लागल्या. म्हातारीनं आपल्या मैत्रिणींना हाका मारल्या. काकड्या संपल्या, कुमुदिनी समोरच्या कोंबिनी दुकानातून आणखी घेऊन आली, त्याही संपल्या. संध्याकाळी देसा-सानचा आवाज बसला होता आणि चेहरा फुलला होता.

टेबल आवरताना एक पुडी सापडली, न फोडलेली. देसा-साननी ती उघडून, कुमुदिनीचा नेम मोडू नये म्हणून, मीठ ताटलीत ओतलं आणि ताटली पुढे सरकवली. "हे तुझं."

कुमुदिनीनं ताटली मागे ढकलली आणि तळवा पसरला. "हातावर द्या."

"अगं, भांडण होईल ना?"

"होऊ दे की!" कुमुदिनीनं तळवा आणखी पुढे केला. "भांडायला तरी परत यावं लागेल तुम्हाला."

देसा-साननी सगळं मीठ तिच्या हातावर ठेवलं आणि तिची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली.