तिपाई

तिनं कॅमेरा उजव्या खांद्यावर घेतला, गाल त्याच्या अंगाला टेकवला आणि सवयीनं श्वास रोखून समोरच्या मांडणीवर नजर लावली. मांडणीत भिंगांचे डबे ओळीनं रचलेले होते. हात तपासायला सरळ रेघांसारखं दुसरं काही नाही.

"घ्या, मनसोक्त घ्या," दुकानदार काउंटरमागून म्हणाला. मग शेजारी उभ्या असलेल्या तिच्या सासूबाईंकडे वळला. "यांना मी एकदा स्टँड दाखवायला गेलो, तर दुकानातले सगळे हसायला लागले. आमच्यात तिपाई म्हणतात यांना. हात म्हणजे हात की दगड!"

"घरात तर एका जागी ठरत नाही ही," सासूबाई म्हणाल्या.

बाबागाडीत बाळ झोपलं होतं. एसीचा झोत त्याच्या अंगावर येतोय असं वाटून तिनं आल्यापासून गाडी तीन ठिकाणी लावून पाहिली होती आणि तरी मध्येच वाकून, श्वास चालू आहे ना, हे नाकापाशी बोट धरून बघून घेतलं होतं.

बाळंतपणात कपाटात पडून जुन्या कॅमेऱ्याच्या भिंगाला बुरशी धरली होती. तसा तो कायमचाच राहिला असता; पण मागच्या आठवड्यात ओळखीच्या दिग्दर्शिकेचा फोन आला. एक म्हातारे मूर्तिकार, छिन्नीचं काम, सगळं हातात कॅमेरा धरून घ्यायचं. 'टवका उडताना दिसला पाहिजे आणि चौकट तसूभर हलता कामा नये. म्हणून तुलाच विचारतेय. हात तसाच आहे ना?' बाळ रडायला लागण्याच्या आत तिनं 'तसाच आहे' म्हणून टाकलं होतं.

दुकानदारानं दोन कॅमेरे काढले होते. एक हा, खांद्यावरचा. दुसरा मुठीत मावणारा. हाताचं हलणं तो म्हणे आतल्या आत सावरून घेई. तो तिनं हातही न लावता बाजूला सारला होता. नवशिक्यांची सोय ती.

"बघू या," म्हणत दुकानदारानं चित्रण मोठ्या पडद्यावर लावलं.

डबे डावीकडे गेले. उजवीकडे आले. पुन्हा डावीकडे. ती थरथर नव्हती. संथ, मऊ असा एक झोका होता.

दुकानदारानं पडद्याची वायर उगाच काढून पुन्हा लावली. तेच तिला जास्त लागलं.

"पुन्हा घेते," ती म्हणाली.

या वेळी तिनं पाय रोवले, कोपर बरगडीला दाबलं. डबे हलतच राहिले. तिनं कॅमेऱ्यावरून नजर काढून शेजारच्या काचेच्या कपाटात पाहिलं, तर त्यात एक बाई खांद्यावर कॅमेरा घेऊन या पायावरून त्या पायावर भार टाकत होती आणि दुसऱ्या हातानं कॅमेऱ्याचं बूड हलकेच थोपटत होती.

तिनं कॅमेरा काउंटरवर ठेवला. फोन हातात घेतला, दिग्दर्शिकेचा नंबर काढला आणि नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

"काय झालं गं?" सासूबाई जवळ आल्या.

"मी हलतेय, आई. बाळ हातात नसतानाही."

सासूबाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "अगं, मी रजा संपवून पोस्टात परत गेले ना, तर एक शिक्का सरळ उमटेना. उभ्यानं मारायचे आणि डुलायचे. खिडकीपाशी एक आजोबा होते, ते म्हणाले, बाई, एक तर तुम्ही थांबा नाहीतर मी घरी जातो, मला गरगरतंय."

तिला हसू आवरलं नाही. "मग?"

"मग काय. साहेबांनी स्टूल दिलं. बसून मारायला लागले. तुझ्या नवऱ्याचं शिक्षण त्या स्टुलावर झालंय."

"आणि ते गेलं कधी?"

"काय?"

"डुलणं."

"गेलंच असेल की," सासूबाई म्हणाल्या. "त्याला मिशा फुटायच्या आत तरी गेलं असेल."

तिनं फोन पर्समध्ये टाकला. थोडा वेळ दोन्ही कॅमेऱ्यांकडे आलटून पालटून बघितलं. मग दुकानदाराला विचारलं, "स्टूल आहे का हो तुमच्याकडे?"

दुकानदारानं आतून लोखंडी स्टूल आणून दिलं. ती बसली. छोटा कॅमेरा तळहातात घेतला, कोपर गुडघ्यावर टेकवलं. मूर्तिकारही बसूनच काम करत असणार, तिच्या मनात आलं.

"आई, तुम्ही त्या मांडणीपुढे उभ्या राहा. काही करू नका, नुसत्या उभ्या राहा."

"हात कुठं ठेवू?"

"कुठंही."

सासूबाईंनी पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि फोटोला उभं राहावं तसा गंभीर चेहरा केला.

चित्रण पडद्यावर आलं. मांडणीच्या कडा, डब्यांच्या रेघा, सगळं जागच्या जागी. तिनं डोळे बारीक करून कोपरा न् कोपरा तपासला. आणि त्या सरळ रेघांपुढे सासूबाई होत्या, पर्स कवटाळून. डावीकडे. उजवीकडे. डावीकडे.

"अजून जरा हलतंय," दुकानदार बटणांकडे हात नेत म्हणाला. "थांबा, सेटिंग बदलून बघतो."

"राहू द्या," ती म्हणाली. "कॅमेरा नाही हलत."

दुकानदारानं पडद्याकडे पाहिलं, मान वळवून मांडणीकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

"हाच द्या. आणि हे एवढं पुसू नका."

सासूबाई अजून तिथंच, सांगितल्या जागी उभ्या होत्या.

"झालं का गं?" त्यांनी ओठ न हलवता विचारलं. "आता हलले तर चालेल ना?"