सुनेनं पिंप घासलं

माझी सून उशिया कामाला वाघ आहे, हे मी आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून लोक तिला नावं ठेवतील, आणि तिला नावं ठेवायचा हक्क या घरात फक्त माझा आहे. ती गालिसियाची, म्हणजे आमच्या कातालोनियापासून देशाच्या पार दुसऱ्या टोकाची. लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्या हातचं फडकं काही वाळलेलं नाही. खिडक्या घासल्या, टेबलं घासली, माझ्या आजेसासूचा फोटोसुद्धा पुसून असा काही लख्ख केला की म्हातारीच्या मिशा दिसायला लागल्या. मी म्हटलं, असू दे, हौशी पोर आहे. तेव्हाच हात धरला असता तर बरं झालं असतं.

आमचं दुकान वर्मूतचं, म्हणजे मसाल्याच्या कडसर वाइनचं. पुढे संगमरवरी टेबलं, मागे अंधारी खोली आणि तिच्यात लाकडी पिंपं. रविवारी चर्चची प्रार्थना आटोपली की अख्खं गाव आमच्याकडे येतं. जेवणाआधी एक ग्लास वर्मूत, वर संत्र्याची चकती, काडीला टोचलेलं ऑलिव्ह, सोड्याचा एक फवारा, आणि बाजूला बशीत व्हिनेगरमधले शिंपले. तास-दीड तास गावाची उणीदुणी काढायची, भूक पेटली की घरी जेवायला जायचं. याच्याशिवाय आमच्याकडे रविवार रविवार वाटत नाही.

आता वर्मूत करणं ही काही जादू नाही. पांढरी वाइन घ्यायची. कडू दवणा, संत्र्याची साल, दालचिनी, लवंग, डोंगरातल्या चार काड्यामुळ्या कडक दारूत भिजवायच्या आणि तो अर्क वाइनमध्ये घालायचा. साखर करपवून रंग आणायचा. एवढं कोणीही करील. पण खरी चव लागते ती मागच्या कोपऱ्यातल्या जुन्या पिंपामुळे. त्याला आम्ही 'आई' म्हणतो. आई कधी रिकामी करायची नाही. तळाशी जुनं ठेवायचं आणि त्याच्यावर नवं ओतायचं, दह्याला विरजण राखतात तसं. सासऱ्यांच्या आज्यापासूनचा थेंब त्यात आहे असं म्हणतात. गावच्या वार्षिक उत्सवाच्या आधी आई तळाला आणायची आणि मग नवं वर्मूत तिच्यात ओतायचं. उत्सवाच्या रविवारपर्यंत ते नवं पोर शहाण्यासारखं बोलायला लागतं.

तर उत्सव तोंडावर आलेला. आई तळाला आलेली. मी आणि माझे यजमान, सेल्दोनी, एका नातेवाइकाच्या बारशाला गेलो होतो. परत आलो आणि दारातच मला वास आला. धुण्याच्या सोड्याचा.

मागे गेले तर आई अंगणात उन्हात आडवी पडलेली, आणि बाजूला उशिया, हात कोपरापर्यंत लाल, तोंडावर बक्षीस मिळाल्यासारखं हसू. म्हणाली, तळाशी केवढा काळा गाळ साठला होता म्हणून सांगू, आंबूस वास मारत होता, सगळा नालीत ओतला, तीनदा उकळतं पाणी घातलं, आता बघा कसं नव्यासारखं झालंय.

सेल्दोनी पायरीवर मटकन खाली बसले. बोलले काहीच नाहीत. त्यांचा स्वभावच तसा. आग लागली तरी आधी विचार करतील. मी मात्र बोलले. काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. माझा मुलगा एलॉय धावत आला आणि तोही बायकोवर ओरडायला लागला, तेव्हा मी त्याला गप्प केलं. त्याला म्हटलं, लग्नाला वर्ष होत आलं, तेवढ्या काळात बायकोला घरातली एक गोष्ट सांगता आली नाही तुला, तू कोणत्या तोंडानं ओरडतोस.

उशियाला सगळं कळलं तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला. पण रडली नाही पोरगी. तिनं एकच विचारलं, "आई, ते परत कुठे मिळतं?"

ते कुठे मिळतं हे मला ठाऊक होतं. सेल्दोनींनाही ठाऊक होतं. ते उठून आत गेले.

माझी नणंद आगाता. सेल्दोनींची थोरली बहीण. लहानपणापासून ती सासऱ्यांच्या मागे मागे पिंपांमध्ये फिरलेली. अर्क कधी उतरवायचा हे सासरे तिच्या जिभेला विचारायचे, सेल्दोनींच्या नाही. पण आमच्या मुलखाची रीत अशी की घर, दुकान, जमीन, सगळं थोरल्या मुलाचं. थोरली मुलगी असली तरी ती थोरला मुलगा नसते. सासरे गेले तेव्हा आगाताच्या वाट्याला चादरी आल्या, थोडा हुंडा आला, आणि रीतीप्रमाणे आईमधलं एक भांडंभर वर्मूत आलं. ते भांडं मांडीवर घेऊन ती बसनं डोंगरापलीकडच्या गावात सासरी गेली आणि तिथे तिनं स्वतःचं दुकान काढलं.

जाताना दारात म्हणाली, भाऊ बोलावील तेव्हा येईन. सेल्दोनी म्हणाले, घरच्या माणसाला घरी यायला बोलावणं कशाला लागतं. झालं. ही तिकडे बोलावण्याची वाट बघत बसली, हे इकडे तिची वाट बघत बसले, आणि दोघांची डोकी पांढरी झाली. हट्टाच्या बाबतीत भाऊ-बहीण एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे. मी मध्ये पडून बघितलं होतं. दोघांकडूनही बोलणी खाऊन परत आले होते.

त्या रात्री जेवताना मी यजमानांना म्हटलं, जा आणि मागून आणा. ते म्हणाले, यंदा आईशिवायचं वर्मूत देऊ. मी म्हटलं, अहो, दाराजवळच्या टेबलावर बार्तोमेउ बसतो ना, चर्चची घंटा वाजवणारा, तो पहिल्या घोटाला ओळखील आणि दुसऱ्या घोटाच्या आत गावभर करील. ते म्हणाले, करू दे. म्हणजे दुकानाचं नाव गेलं तरी चालेल, पण बहिणीच्या दारात जाणार नाहीत. मला इतका संताप आला की मी त्यांच्या पुढ्यातला चीजचा तुकडा उचलून आत नेला.

सकाळी मी निघाले. बसथांब्यावर बघते तर उशिया आधीच उभी, हातात वेताच्या जाळीतली रिकामी काचेची बरणी. म्हणाली, घोळ मी घातलाय, मागायलाही मीच येणार.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार होत आली होती आणि आगाताचं दुकान भरलेलं होतं. तिनं आम्हाला बघितलं, बरणी बघितली. या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. दोन ग्लास भरून पुढे ठेवले. आमच्याकडे पहिला ग्लास पोटात जाईपर्यंत कामाचं बोलत नाहीत, ते पाप समजतात. म्हणून मी घोट घेतला.

आणि माझे डोळे भरून आले. खरं सांगते. मी नवरी म्हणून या घरात आले त्या दिवशी सासऱ्यांनी माझ्या हातात जो ग्लास दिला होता, तो हा होता. आधी कडू, मग संत्रं, मग ते जुन्या लाकडाचं, अक्रोडाचं काहीतरी, घशात रेंगाळणारं. आमच्या दुकानातलं वर्मूत असं राहिलंच नव्हतं. सेल्दोनींचा हात साखरेला सैल. शिवाय गिऱ्हाईक वाढलं की ते आईमधून जास्त काढायचे आणि नवं जास्त ओतायचे. चव दरवर्षी थोडी थोडी उतरली, आणि थोडी थोडी उतरली म्हणून कोणाला कळली नाही. मलाही नाही. मला स्वतःचीच लाज वाटली आणि यजमानांची कीवही आली.

मी आगाताला म्हटलं, "वन्सं, आमची आई गेली. तुमच्यातली थोडी द्या."

"गेली म्हणजे?"

"आत्या, मी घासली," उशिया म्हणाली.

"कशानं?"

"सोडा आणि उकळतं पाणी."

आगाता हसायला लागली. इतकी हसली की तिला गल्ल्याचा आधार घ्यावा लागला आणि गिऱ्हाइकं माना वळवून बघायला लागली. डोळे पुसत ती उशियाला म्हणाली, बरं केलंस बाई, तू ते घासलं नसतंस तर या लोकांना माझ्या घराचा रस्ता कधी आठवला नसता. मग तिचं हसू थांबलं आणि तिनं मला विचारलं, "त्यानं पाठवलं तुला?"

खोटं बोलायची फार इच्छा झाली. हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण तिच्यापुढे खोटं टिकत नाही.

"नाही. ते दगड आहेत, तुम्हाला माहीत आहे," मी म्हटलं. "पण मीही त्या घरात आयुष्य काढलंय. मी बोलावते तुम्हाला. या."

तिनं हातातला ग्लास पुसून पालथा घातला. मग म्हणाली की या बरणीनं काही व्हायचं नाही, कोरड्या पिंपात हे मुरून पुन्हा आई व्हायला पुढचा उत्सव उजाडेल. तरी बरणी भरून घेऊन जा. पण यंदाच्या उत्सवाला मी माझं पिंप घेऊन येईन. एकच अट. माझं वर्मूत मी दुसऱ्याच्या हातून वाढू देत नाही. गल्ल्यामागे मी उभी राहीन.

आमच्या गल्ल्यामागे घराच्या मालकाशिवाय कोणी उभं राहिलेलं नाही. मी उभी राहते ती ग्लास धुवायला. तरी मी कोणाला न विचारता हो म्हणून टाकलं. परतीच्या बसमध्ये उशियानं विचारलं, बाबा काय म्हणतील? मी म्हटलं, काय म्हणायचं ते त्यांनी वेळेवर म्हणायला हवं होतं.

यजमानांना सगळं सांगितलं आणि बरणी पुढ्यात ठेवली. त्यांनी स्वतः ती उचलून मागे नेली आणि हळूहळू, एक थेंब न सांडता, पिंपात रिकामी केली. अटीबद्दल म्हणाले, करा तुम्हाला काय करायचं ते. त्यात राग किती आणि काय किती, मला कळलं नाही. आगाता येईल आणि हे तोंड फिरवतील, मग ती उरलेला जन्म यायची नाही, या काळजीनं मी उत्सवापर्यंत धड झोपले नाही.

उत्सवाचा रविवार आला. चौकात, आत माणूस शिरून नाचवतो ते राजा-राणीचे उंच पुतळे नाचत होते, ढोल चालले होते. आगाता भाजीवाल्याच्या गाडीतून पिंपासकट उतरली. अंगावर ठेवणीतला काळा झगा. एलॉय आणि उशियानं पिंप आत घेतलं. ती उंबऱ्यावर क्षणभर थांबली, आत आली आणि सरळ गल्ल्यामागे जाऊन बाह्या सारून उभी राहिली. सेल्दोनी मागच्या खोलीत होते. पडदा हलला, पण ते बाहेर आले नाहीत.

लोक आले. पहिला ग्लास बार्तोमेउचा. त्यानं घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि ग्लासाकडेच बघत बसला. मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की इतकी वर्षं त्याला वाटत होतं आपली जीभ म्हातारी झाली. जीभ चांगली आहे हे आज कळलं.

लोक हसले. मी पडद्याकडे बघितलं. मला वाटलं, संपलं, आता हे जिना चढून वर जातील आणि दार लावून घेतील.

पडदा बाजूला झाला. सेल्दोनी बाहेर आले. त्यांनी कमरेचा ॲप्रन सोडला, घडी करून माझ्या हातात दिला आणि गल्ल्याला वळसा घालून गिऱ्हाइकांच्या बाजूला बार्तोमेउशेजारी जाऊन बसले. तिथे बसलेलं मी त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं.

"आक्का, मला एक दे," ते म्हणाले.

आगातानं ग्लास भरला. चकती घातली, ऑलिव्ह घातलं, सोडा मारला. ते सावकाश प्यायले, अर्ध्यावर थांबले.

"बाबांचं आहे," ते म्हणाले.

"माझं आहे," आगाता म्हणाली.

मी मनात म्हटलं, देवा, आत्ता यांच्या तोंडून नीट काहीतरी निघू दे, बाकी जन्मभर मुकं ठेवलंस तरी चालेल.

"हो," सेल्दोनी म्हणाले. "तुझं आहे. बाबांना एवढं कधी जमलं नव्हतं."

आगातानं आमच्याकडे पाठ फिरवली आणि फळीवर काहीतरी शोधायला लागली. फळीवर काहीच नव्हतं. मग पाठमोरीच उशियाला म्हणाली, ऑलिव्ह संपत आलीत, जा, आतून घेऊन ये, लोक खोळंबलेत.